एमएसडब्ल्यू इथली, नोकरी इंग्लंडची

एमएसडब्ल्यू झालेली मुलगी लग्नानंतर इंग्लंडला गेली, की घरात पहिला प्रश्न येतो: डिग्री चालेल का? चालू शकते, पण थेट नाही. तिथं ‘सोशल वर्कर’ हे नाव कायद्यानं राखीव आहे. ‘सोशल वर्क इंग्लंड’कडे नोंदणी केल्याशिवाय लावता येत नाही.

खरी कसोटी नोंदणीनंतरची. आपल्याकडे बराच भर वस्तीतल्या कामावर. तिथं १९८९ चा चिल्ड्रन अ‍ॅक्ट, कोर्टासाठी अहवाल. मूल आईबापाकडे राहील की नाही, हे ठरताना तो अहवाल बघितला जातो. कच्च्या माहितीवर एखादं घर मोडू शकतं. म्हणून आम्ही म्हणतो, पगाराआधी विचारा: सुरुवातीला केसेस कमी देणार का? सुपरव्हिजन कोण करणार? आणि हो, उर्दू येते म्हणून दुभाष्याचं कामही गळ्यात पडू शकतं. तेही आधीच बोलून घ्या.