सीआयडीची पेढी

जालन्याच्या एमआयडीसीत ‘कास्टिंग’ हा शब्द उच्चारला तर कोणाच्याही डोळ्यांपुढे नटनट्या येत नाहीत. येथे कास्टिंग म्हणजे ओतकाम. इंडक्शन भट्टीत भंगार वितळते, त्या रसाचा छोटा नमुना काढून प्रयोगशाळेत पाठवतात, कार्बन, मँगनीज, गंधक यांचे प्रमाण पाहतात आणि मगच रस साच्यात उतरतो. बिलेट एकदा थंड झाले की त्यातली खोट दुरुस्त होत नाही. ते पुन्हा भट्टीतच घालावे लागते. मुंबईच्या दूरचित्रवाणी व्यवसायात हाच शब्द पात्रनिवडीसाठी वापरतात, आणि जोखीमही बरीचशी त्याच जातीची असते. एखाद्या भूमिकेत चुकीचा माणूस बसला, तर कथा कितीही चांगली असली तरी माल परत येतो.

‘सीआयडी’ या मालिकेचा पहिला भाग सोनी वाहिनीवर २१ जानेवारी १९९८ रोजी, बुधवारी दाखवला गेला. मूळ मालिका २७ ऑक्टोबर २०१८ रोजी थांबली, तेव्हा भागांची संख्या १५४७ झाली होती. वीस वर्षे आणि नऊ महिने. एवढ्या काळात कित्येक पेढ्यांच्या पाट्या बदलतात, भागीदाऱ्या मोडतात, भावाभावांत वाटण्या होतात. या मालिकेची पाटी मात्र टिकली. तिचे श्रेय बहुतेक जण रहस्यकथांना देतात. खरे श्रेय पहिल्या वर्ष-दीड वर्षात झालेल्या माणसांच्या निवडीला आणि त्या निवडीमागच्या रचनेला द्यावे लागेल.

मालिकेचे निर्माते-दिग्दर्शक बी. पी. सिंग हे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये छायाचित्रणाचे शिक्षण घेतलेले. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी ते तेथे वृत्त-कॅमेरामन म्हणून रुजू झाले. बातमीचा कॅमेरा चालवणाऱ्या माणसाला घटनास्थळ, पंचनामा आणि पोलिसांची भाषा या गोष्टी पुस्तकातून शिकाव्या लागत नाहीत. मुंबईच्या गुन्हे शाखेतील अधिकाऱ्यांमध्ये त्यांची ऊठबस होती. तपास करणारे पोलीस पथक केंद्रस्थानी ठेवून मालिका करावी, हे त्यांच्या मनाने १९८६च्या सुमारास घेतले. सोनी वाहिनी भारतात सुरू झाली ती १९९५ साली. म्हणजे कल्पना सुचल्यापासून ती मोठ्या बाजारात उतरेपर्यंत सुमारे बारा वर्षे गेली.

मधली वर्षे वाया गेली नाहीत. दूरदर्शनवरची ‘एक शून्य शून्य’ ही मराठी मालिका चाळिशी ओलांडलेल्या मराठी वाचकाला आठवत असेल. पोलिसांच्या दूरध्वनी क्रमांकावरून तिचे नाव घेतले होते. खऱ्या गुन्ह्यांचा आधार, गाजावाजा न करता चाललेला तपास आणि साध्या घरांतून, चाळींतून फिरणारा कॅमेरा, असा तिचा बाज होता. शिवाजी साटम आणि दीपक शिर्के हे तिच्यातले ओळखीचे चेहरे. सिंग आणि साटम यांनी तपास-कथेत एकत्र काम केले ते येथे. व्यापारी भाषेत सांगायचे तर मराठीत आधी नमुन्याचा घाण काढला गेला, माल पसंत पडला आणि मग हिंदीत मोठे उत्पादन सुरू झाले. हिंदी प्रेक्षकांना १९९८ साली नवी वाटलेली ही जोडी मराठी घरांना त्याआधीच परिचित होती. मराठीच्या या उपकाराची नोंद फारशी कोठे घेतली जात नाही.

गुप्तहेरकथेची आवड तर त्याहून कितीतरी जुनी. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, आणि त्यांचा झुंजार किंवा काळापहाड गावोगावच्या वाचनालयांतून हातोहात फिरत असे. दूरदर्शनवर १९८५ साली पंकज पराशर यांचा ‘करमचंद’ आला. गाजर खाणारा पंकज कपूर यांचा तो गुप्तहेर आणि सुश्मिता मुखर्जी यांची किटी घराघरांत पोहोचली. १९९३ साली बासू चटर्जी यांनी शरदिंदु बंद्योपाध्याय यांच्या बंगाली कथांवर ‘ब्योमकेश बक्षी’ केली. रजित कपूर यांचा ब्योमकेश, के. के. रैना यांचा अजित आणि आपल्या सुकन्या कुलकर्णी यांची सत्यवती. निवड इतकी नेमकी होती, की मूळ कथा नंतर वाचणाऱ्यालाही ब्योमकेशचा दुसरा चेहरा सुचत नाही.

परंतु या दोन्ही मालिका एकखांबी तंबू होत्या. सगळी बुद्धी एका माणसाच्या डोक्यात. बाकीचे प्रश्न विचारायला आणि थक्क व्हायला. अशा मालिकेची पत त्या एका नटावर आणि, ब्योमकेशच्या बाबतीत, एका लेखकाने मागे ठेवलेल्या कथांच्या साठ्यावर अवलंबून असते. साठा संपला की दुकान बंद. एकट्या मालकाच्या नावावर चालणाऱ्या व्यवसायाला कर्ज देताना कोणतीही बँक पहिला प्रश्न हाच विचारते: मालकानंतर कोण? सिंग यांनी आपल्या मालिकेत या प्रश्नाचे उत्तर आधीच तयार ठेवले. त्यांनी नायक उभा केला नाही; पेढी उभी केली. वरिष्ठ अधिकारी, हाताखालचे इन्स्पेक्टर, प्रयोगशाळेतला तज्ज्ञ अशी कामांची वाटणी केली. नट बदलला तरी खुर्ची शिल्लक राहील, अशी ही बांधणी होती.

पेढीला मुख्य गादीवर बसणारा माणूस लागतोच. त्या गादीवर साटम बसले. त्यांचा जन्म २१ एप्रिल १९५०चा. रसायनशास्त्राची पदवी, व्यवसाय प्रशासनाची पदविका आणि सेंट्रल बँक ऑफ इंडियात रोखपालाची नोकरी. त्या काळी मुंबईच्या बँकांत आंतरबँक नाट्यस्पर्धा मोठ्या ईर्ष्येने होत. दिवसभर व्हाउचर तपासायची आणि संध्याकाळी तालमीला उभे राहायचे, असा अनेकांचा दिनक्रम असे. अशाच स्पर्धेत ज्येष्ठ अभिनेते बाळ धुरी यांच्या नजरेला साटम पडले आणि ‘संगीत वरद’ या नाटकात त्यांना संधी मिळाली. ते एकटेच असे नव्हते. अशोक सराफ स्टेट बँकेत होते, अमोल पालेकर बँक ऑफ इंडियात होते. बँकेची नोकरी आणि रंगभूमी यांचे मराठीत एकेकाळी असे जवळचे नाते होते. ठरलेल्या तारखेला येणारा पगार घराला आधार देई आणि नटाला भूमिका नाकारण्याचे स्वातंत्र्यही देई. ज्या घरांत मुलगा किंवा मुलगी अभिनयाचे नाव काढते आणि वडील तोंड फिरवतात, त्या घरांनी या व्यवस्थेकडे निवांतपणे पाहण्यासारखे आहे. साटम यांनी नोकरी सांभाळून नाटके केली, मालिका केल्या, चित्रपट केले. ‘सीआयडी’ सुरू झाली तेव्हा त्यांचे वय सत्तेचाळीस होते. नव्या वाहिनीने नव्या मालिकेच्या प्रमुखपदी या वयाचा, मध्यमवर्गीय चेहऱ्याचा माणूस स्वीकारावा, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती.

रोखपालाच्या खिडकीत बसलेल्या माणसाला एक सवय लागते. समोरचा काय बोलतो यापेक्षा नोटा मोजल्या जात असताना त्याची नजर कोठे फिरते, याकडे त्याचे लक्ष असते. एसीपी प्रद्युम्नचे संशयिताकडे पाहणे या जातीचे आहे. तो धावत नाही, मारामारी क्वचितच करतो. थांबतो, हाताची बोटे हवेत फिरवतो आणि तोच प्रश्न पुन्हा विचारतो. हिशेब न जुळलेला दिवस संपू न देण्याची ती वृत्ती आहे. (प्रद्युम्न हे नाव जैन चरित्रग्रंथांच्या वाचकांना अनोळखी नाही, तेथेही हा कृष्णपुत्र दीर्घ काळ परक्या घरी वाढून मग आपली ओळख पटवतो.)

बाकीचे पथक एका दिवसात ठरले नाही. पहिल्या वर्षात माणसे येत गेली, पारखली गेली, काही निघूनही गेली. आशुतोष गोवारीकर सुरुवातीला इन्स्पेक्टर वीरेंद्र होते. ते पुढे दिग्दर्शनाकडे वळले आणि २००१ साली त्यांचा ‘लगान’ आला. दयानंद शेट्टी मुळात थाळीफेक आणि गोळाफेकीचे खेळाडू. दुखापतीमुळे मैदान सुटले, तुळू रंगभूमीवर अभिनय सुरू झाला आणि तेथून १९९८ साली ते ‘सीआयडी’त दाखल झाले. पुढे दार तोडणारा दया म्हणून देशभर ओळखल्या गेलेल्या या माणसाची देहयष्टी मैदानावर घडलेली आहे. दिनेश फडणीस त्याच वर्षी फ्रेडरिक्स होऊन आले. तपासाच्या ताणात हसू आणणारी ही भूमिका. शिवाय त्यांनी काही भागांचे लेखनही केले. नरेंद्र गुप्ता यांचे डॉ. साळुंखे प्रयोगशाळेत बसले. सुरुवातीच्या वर्षांत अश्विनी काळसेकर इन्स्पेक्टर आशा होत्या.

सर्वांत बोलकी निवड आदित्य श्रीवास्तव यांची. ते १९९८ साली मालिकेत आले ते पाहुणे म्हणून, आणि तेही गुन्हेगाराच्या भूमिकेत. त्याच वर्षी ‘सत्या’ चित्रपटात त्यांनी इन्स्पेक्टर खांडिलकर रंगवला. १९९९ साली ते ‘सीआयडी’त परतले ते सीनियर इन्स्पेक्टर अभिजीत होऊन. एका प्रकरणात ज्याला बेड्या घातल्या, त्यालाच पुढे पथकात घेतले. प्रेक्षक गोंधळतील ही भीती निर्मात्यांनी बाजूला ठेवली आणि एका छोट्या कामात दिसलेली गुणवत्ता मोठ्या जबाबदारीसाठी ग्राह्य धरली. किरकोळ हुंडी वेळेवर फेडणाऱ्याला पुढच्या खेपेस मोठी उधारी द्यावी, तसाच हा व्यवहार. तो वीस वर्षे फळला.

कथा रचण्याची पद्धतही सुरुवातीलाच बसली. रहस्यकथा शेवटाकडून सुरू करावी लागते. गुन्हा कोणी व कशासाठी केला हे लेखकाने आधी ठरवायचे, मग मागे मागे येत पुरावे पेरायचे आणि त्यांच्या शेजारी दोन-तीन खोट्या वाटा उघड्या ठेवायच्या. सुरुवातीच्या काळात एक प्रकरण दोन भागांत चाले. पहिला भाग अशा ठिकाणी थांबे, की घरातला प्रत्येक जण पुढचा आठवडाभर आपापला संशयित धरून बसे. अधिकाऱ्यांच्या घरगुती आयुष्याला फारशी जागा नव्हती. त्यामुळे आजोबांपासून नातवापर्यंत सगळे एका खोलीत बसून मालिका पाहू शकत, आणि एखादा भाग चुकला तरी काही बिघडत नसे.

वास्तवाशी मात्र मालिकेने सोयीस्कर सवलत घेतली, हे नोंदवायला हवे. महाराष्ट्रात सीआयडी ही राज्यपातळीवरची यंत्रणा असून तिचे मुख्यालय पुण्यात आहे. मुंबईतले खून गुन्हे शाखा आणि पोलीस ठाणी तपासतात. सहायक पोलीस आयुक्त म्हणजेच एसीपी हे पद पोलीस आयुक्तालयात असते. जालन्यासारख्या जिल्ह्यात पोलीस अधीक्षक असतात, म्हणून येथे प्रद्युम्न साहेबांची बदली कधीच झाली नसती! प्रयोगशाळेचा अहवालही डॉ. साळुंखेंप्रमाणे तासाभरात हाती येत नाही. तरीही न्यायवैद्यक तपास म्हणजे काय, घटनास्थळावरच्या वस्तूला हात का लावू नये, हे ज्ञान सामान्य घरांपर्यंत नेण्यात या मालिकेचा वाटा मोठा आहे. नंतरच्या वर्षांत अतिशयोक्ती वाढली, संवादांची थट्टा होऊ लागली आणि ती बरीचशी रास्त होती. पहिल्या वर्षातला संथ, रस्त्यावरचा तपास ज्यांनी पाहिला, त्यांना हा फरक चांगलाच जाणवतो.

५ डिसेंबर २०२३ रोजी दिनेश फडणीस यांचे निधन झाले. त्यानंतर वर्षभराने, २१ डिसेंबर २०२४ रोजी, मालिकेचे दुसरे पर्व सुरू झाले. साटम, श्रीवास्तव, शेट्टी परतले. एप्रिल २०२५मध्ये निर्मात्यांनी एक मोठे धाडस केले. कथेत एसीपी प्रद्युम्नचा मृत्यू दाखवला आणि पार्थ समथान यांच्या रूपाने एसीपी आयुष्मान हा नवा अधिकारी गादीवर आणला. रचनेनुसार यात काहीच चुकीचे नव्हते. खुर्ची होती, माणूस बदलला. आधीही अनेक माणसे अशीच बदलली होती आणि पेढी सुरळीत चालली होती. या वेळी गिऱ्हाईक ऐकेना. प्रेक्षकांनी उघड नाराजी व्यक्त केली, नव्या अधिकाऱ्याने विरोध ओळखून सांभाळून काम केले, पण गादीवर त्याचा जम बसला नाही. अखेर कथेतला मृत्यू फिरवावा लागला, आणि पंचाहत्तरी गाठलेले साटम पुन्हा पथकाच्या अग्रभागी येऊन उभे राहिले.