पन्नास जुम्यांचा हिशेब

शुक्रवारी मालेगावातल्या यंत्रमागांची खडखड थांबते. जुम्याची नमाज होते, पुरुष मंडळी घरी येऊन आडवी होतात, आणि तीनच्या सुमारास एका उर्दू शाळेच्या वर्गात वीस-बावीस बायका जमतात. प्रत्येकीच्या हातात दोनशे पानी वही. शिकवणाऱ्या मॅडम बँकेतून निवृत्त झालेल्या, मराठी बोलणाऱ्या. रमजान लागल्यापासून त्या पाण्याची बाटली पिशवीतून बाहेर काढत नाहीत. कुणी तसं सांगितलेलं नाही.

विषय एकच, कमी कमाईत घर कसं चालवायचं.

पहिल्याच तासाला गोंधळ झाला तो ‘हप्ता’ या शब्दाचा. मालेगावात हप्ता म्हणजे आठवडा, हप्ता म्हणजे आठवड्याचा पगार आणि हप्ता म्हणजे कर्जाची वसुलीसुद्धा. ‘हप्ता आला’ म्हटलं की घरात आनंद व्हावा की धडकी भरावी, हे दारात कोण उभं आहे त्यावर ठरतं. मॅडमनी छापील तक्ता आणला होता, महिन्याची जमा आणि महिन्याचा खर्च. बायकांनी तो बाजूला सारला. मागावर जितकं कापड निघेल तितके पैसे. वीज गेली, सूत आलं नाही, माग बिघडला की तेवढी मजुरी बुडाली. एक तारखेला ठरलेली रक्कम खात्यात पडणाऱ्यांसाठी केलेला तक्ता इथे काय कामाचा? मॅडमनी तो गुंडाळून ठेवला आणि फळ्यावर चार आठवड्यांचे चार रकाने आखले. वर्ग खरा सुरू झाला तो तिथून.

मागच्या बाकावर बसणाऱ्या एका बाईची वही उदाहरणादाखल घ्यायला हरकत नाही. तिनेच ती सगळ्यांपुढे उघडली. नवऱ्याची मजुरी ३,२००, मग २,६००, मग ३,१००, शेवटी २,७००. ती स्वतः कांड्या भरते, त्याचे आठवड्याला ६०० धरून महिन्याचे झाले १४,०००. घरात पाच माणसं. खर्चाच्या बाजूला तिने दूध, शाळेची रिक्षा, घरभाडं, वीजबिल असं सगळं लिहिलं होतं. हप्त्यांची ओळ मात्र कोरी होती. मॅडमनी विचारलं तेव्हा ती बराच वेळ वहीकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “तीन आहेत. एकाचं घरी माहीत नाही.”

तिन्ही मिळून ७,३५० रुपये.

मॅडमनी आवाज चढवला नाही. रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा नियम त्यांनी समजावून सांगितला. वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला मायक्रो फायनान्सचं कर्ज देताना, त्या घरावरच्या सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. अशा कर्जाला तारण मागता येत नाही. मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. उशीर झालाच तर दंड फक्त थकलेल्या रकमेवर. १४,००० चे निम्मे ७,०००. बाई आधीच साडेतीनशेने पुढे गेली होती आणि तिच्या पर्समध्ये चौथ्या कर्जाचा कागद होता. ईदच्या कपड्यांसाठी.

बायका गप्प झाल्या. सगळ्यात वयस्कर खाला म्हणाल्या, “कुराणातली सगळ्यात लांब आयत कर्जाबद्दल आहे. देणंघेणं लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा. आपण पढतो, लिहीत नाही.” ती आयत सूरह बकराहमधली, २८२ वी. जकात कुणाला द्यावी याचे जे आठ प्रकार कुराणात आहेत, त्यांत कर्जात बुडालेला माणूसही येतो, हेही खालांनी सांगितलं. त्यावर ती बाई ताठ झाली. “आम्ही घेणारे नाही,” एवढंच म्हणाली. खालांनी विषय वाढवला नाही.

रोजाचा महिना म्हणजे खर्च कमी, असं बाहेरच्यांना वाटतं. दिवाळीच्या महिन्यात किराणा किती वाढतो ते आठवलं की याचं उत्तर मिळेल. वर्गातल्या वह्यांमध्ये इफ्तारच्या विकतच्या भज्यांचे रोज ८० रुपये दिसत होते. मॅडमनी त्यावर बोट ठेवताच एक तरुण आई उसळली, “पोरगं दिवसभर रोजा ठेवून भजी मागतं, त्याला काय वही दाखवू?” तिचं चुकलं नव्हतं. कमी कमाईची माणसं उधळतात म्हणून अडचणीत येतात, हा समज बोलायला सोपा आहे, वह्यांत तो सापडत नाही. शेवटी बायकांनीच बेसन आणि तेलाचा हिशेब मांडला. घरी तळली तर ४५. रोजचे ३५ सुटले, तीस दिवसांचे १,०५०. भजी राहिली.

खैरातीच्या ओळीला मात्र कुणी हात लावू दिला नाही. आठवड्याला दहा-वीस रुपयेच असतात, पण ते असतात. मॅडमनीही ती ओळ पुन्हा विचारली नाही.

मग खालांनी एक हिशेब काढला, तो मॅडमच्या कुठल्याच पुस्तकात नव्हता. चंद्राचं वर्ष ३५४ दिवसांचं, म्हणून ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. एका ईदपासून दुसरीपर्यंत पन्नास जुमे मिळतात. पगार आठवड्याला, तर डबाही आठवड्याला भरायचा. जुम्याला शंभर टाकले तर ५,००० होतात, तेवढ्यात कपडे, शीरखुर्मा आणि ऐपत असलेल्या घराने माणशी द्यायचा, सुमारे दोन किलो गव्हाच्या किमतीएवढा फितरा, सगळं बसतं. ज्यांना शंभर जमत नाहीत त्यांनी चाळीस टाकावेत. या ईदला त्याचा उपयोग नाही, हे सगळ्यांनाच कळत होतं.

सोमवारी कर्जवाला मुलगा त्या बाईच्या दारात आला. तिने वही दाखवली. “उत्पन्न जरा वाढवून लिहू, काकी,” तो म्हणाला. तिने ईदनंतर ये म्हणून सांगितलं. त्याच रात्री सहरीच्या वेळी तिसऱ्या कर्जाचं नवऱ्यालाही सांगितलं. तो जेवण अर्धं टाकून उठला. पण दुसऱ्या दिवशी कामावर जाताना त्याने विचारलं, वहीत त्याच्या चहा-पानाचे किती लिहिलेत.

धाकटीला नवा ड्रेस घेतला आहे. मोठीने गेल्या वर्षीचाच घालायचं कबूल केलं, बांगड्या मात्र नव्या हव्यात म्हणाली. शेवटच्या पानावर बांगड्यांचे साठ रुपये लिहिलेले आहेत.