फेर्नान गोमेथ, फेर्नांदो
फेर्नान गोमेथ, फेर्नांदो : (२८ ऑगस्ट १९२१–२१ नोव्हेंबर २००७). विख्यात स्पॅनिश नट, नाटककार, कादंबरीकार व चित्रपट-दिग्दर्शक. त्याची आई कारोला फेर्नांदेथ गोमेथ ही अभिनेत्री होती. नाटक मंडळीबरोबर ती दक्षिण अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना पेरूमधील लीमा येथे त्याचा जन्म झाला. जन्माची नोंद मात्र ब्वेनस एअरीझ येथे करण्यात आली. वडील नट असून थोर अभिनेत्री मारीआ गेरेरो हिचे पुत्र होते. परंतु आईवडिलांचा विवाह झालेला नसल्याने त्याने आईचेच नाव संक्षिप्त करून लावले. त्याचे बालपण माद्रिद येथे आजीच्या सांभाळात गेले.

यादवी युद्धाच्या काळात (१९३६–३९) अराज्यवादी कामगार संघटनेने चालविलेल्या नाट्यवर्गात त्याने अभिनयाचे शिक्षण घेतले आणि १९३८ मध्ये व्यावसायिक रंगभूमीवर पदार्पण केले. विनोदी नाटककार एन्रीके हार्दिएल पोन्थेला याने त्याचे गुण हेरले व आपल्या नाटकांत त्याला भूमिका दिल्या. क्रिस्तीना गुथमान (१९४३) हा त्याचा पहिला चित्रपट. उंच व किडकिडीत बांधा, तांबडे केस व मोठे नाक यांमुळे नायकाच्या रूढ कल्पनेत तो बसणारा नव्हता. तथापि खर्जातील भारदस्त आवाज आणि हास्याच्या आड दडलेली खिन्नता हे त्याचे खरे भांडवल ठरले. बालार्रासा (१९५१) या चित्रपटाने त्याला लोकप्रियता दिली. बार्देम व बेर्लांगा यांच्या एसा पारेखा फेलीथ (म. शी. ‘ते सुखी जोडपे’) मधील चित्रपटगृहाबाहेरच्या दारिद्र्यात अडकलेला वीजतंत्री ही भूमिका त्याहून सरस आहे.

फ्रँकोच्या राजवटीतील अभ्यवेक्षणाची झळ त्याला दिग्दर्शक म्हणून अधिक लागली. एल मुन्दो सीगे (१९६३) हा माद्रिदमधील गरीब कुटुंबाचे निष्ठुर चित्रण करणारा चित्रपट १९६५ मध्ये बिल्बाओ येथे जेमतेम दाखविण्यात आला. त्याचे रीतसर प्रदर्शन २०१५ मध्ये, म्हणजे दिग्दर्शकाच्या मृत्यूनंतर झाले. एल एक्स्त्रान्यो व्याखे (१९६४) हाही कित्येक वर्षे अडकून पडला. आज हे दोन्ही चित्रपट स्पॅनिश चित्रपटसृष्टीच्या श्रेष्ठ कृतींत गणले जातात. मधल्या काळात उपजीविकेसाठी त्याने कितीतरी सामान्य चित्रपटांतही कामे केली. त्याच्या चित्रपटांची संख्या दोनशेच्या आसपास आहे.

अभिनेता म्हणून त्याचा दुसरा बहर १९७३ नंतरचा. व्हीक्तोर एरीथेच्या एल एस्पीरितू दे ला कोल्मेना (१९७३) मधील मधमाश्या पाळणारा पिता तो जवळजवळ न बोलता उभा करतो. न्हाणीघरात वर्षानुवर्षे स्वतःला कोंडून घेणाऱ्या माणसाच्या भूमिकेबद्दल (एल आनाकोरेता, १९७६) आणि पुढे स्तीको (१९८५) मधील भूमिकेबद्दल बर्लिन महोत्सवात त्याला अभिनयाचे पारितोषिक मिळाले.

लास बीसीक्लेतास सोन पारा एल व्हेरानो (म. शी. ‘सायकली उन्हाळ्यासाठी असतात’) या त्याच्या नाटकास १९७७ चे लोपे दे व्हेगा पारितोषिक लाभले व १९८२ मध्ये माद्रिदच्या तेआत्रो एस्पान्योलमध्ये त्याचा प्रयोग झाला. १९३६ च्या उन्हाळ्यात सायकलीसाठी हट्ट धरणाऱ्या मुलाच्या आयुष्यात युद्ध कसे शिरते, हे त्यात कोणत्याही घोषणेविना दाखविले आहे. एल व्याखे आ निंगूना पार्ते ही कृती प्रथम नभोवाणी-मालिका, मग कादंबरी (१९८५) व अखेर चित्रपट (१९८६) अशी अवतरली. खेडोपाडी फिरणाऱ्या आणि चित्रपटाच्या आक्रमणाने उपासमारीस आलेल्या नटांच्या एका कुटुंबाची ही कथा. तीतील वृद्ध पिता छायाचित्रकासमोर उभा राहतो, पण रंगमंचावरील टाहो फोडण्याची सवय त्याला सुटत नाही. ही भूमिका चित्रपटाभिनयात मुरलेल्या फेर्नान गोमेथने स्वतःच केली आहे. नटांच्या वंशात जन्मलेल्या या कलावंताने आपल्या जातकुळीचे इतके करुण व मिस्किल चित्र अन्यत्र रेखाटलेले नाही. १९८७ मधील पहिल्याच गोया पारितोषिकांत या चित्रपटास सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन व पटकथा असे मान मिळाले. त्याच वेळी दुसऱ्या एका चित्रपटासाठी तो उत्कृष्ट अभिनेताही ठरला.

उत्तरायुष्यात एल आब्वेलो (१९९८) व ला लेंग्वा दे लास मारीपोसास (१९९९) यांतील भूमिका विशेष गाजल्या. दुसऱ्या चित्रपटातील उदारमतवादी शिक्षकाला पकडून नेले जात असताना त्याचा लाडका विद्यार्थीच भयग्रस्त जमावाबरोबर त्याच्यावर दगड भिरकावतो. त्या क्षणीचा त्याचा चेहरा विसरणे कठीण आहे. २००० मध्ये तो स्पॅनिश भाषेच्या राजअकादमीचा सदस्य झाला. एल त्येम्पो आमारिलो (१९९०) हे त्याचे आत्मचरित्र.

माद्रिद येथे त्याचे निधन झाले. त्याचे पार्थिव तेआत्रो एस्पान्योलच्या रंगमंचावर अराज्यवाद्यांच्या लाल-काळ्या ध्वजाखाली लोकदर्शनार्थ ठेवण्यात आले होते.