पंधरा दिवसांची सेवा... आणि त्यानंतर?

सुट्टी काढून, पदरचे पैसे घालून परदेशी सेवेला जाण्याची प्रथा ख्रिस्ती तरुणांमध्ये आता चांगली रुळली आहे. जाणाऱ्याचे मन मोठे असते, यात वाद नाही. पण ज्यांच्या दारी जायचे, त्यांच्या हाती शेवटी काय उरते?

बंगळूरच्या जुन्या विमानतळावरून व्हाईटफील्डच्या दिशेने निघाले की मारतहळ्ळी लागते. नाव ऐकून मराठी माणसाचे कान टवकारतात, पण 'हळ्ळी' म्हणजे कन्नडमध्ये गाव. रिंग रोड झाला, सॉफ्टवेअर कंपन्या आल्या आणि हे गाव उंच इमारती, पीजी आणि कपड्यांच्या दुकानांमध्ये हरवून गेले. आज इथे तेलुगू, तमिळ, मल्याळी, हिंदी, मराठी अशा सगळ्या भाषा कानावर पडतात.

इथल्याच एका फ्लॅटमध्ये अहिल्यानगरकडच्या ख्रिस्ती घरातली एक इंजिनीअर मुलगी राहते, अशी कल्पना करा. चर्चमधल्या दहाजणांच्या गटाबरोबर ती पंधरा दिवस केनियाला जाऊन आली आहे. फोनमध्ये शेकडो फोटो आहेत. शाळेच्या भिंती रंगवल्या, मुलांना गाणी शिकवली, निरोपाच्या वेळी मुले गळ्यात पडून रडली... सांगताना तिचेही डोळे भरून येतात. आई सगळे ऐकून घेते आणि सहज विचारते, "आणि आता त्या मुलांकडं कोण बघतं गं?"

मुलगी गप्प होते. हा प्रश्न तिला तिथे असताना सुचलाच नव्हता.

एका आयुष्याची मुदत

या मुलीच्या पणजी-खापरपणजीच्या गावी जे मिशनरी आले, त्यांना परतीचे तिकीट ठाऊक नव्हते. गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईत उतरले. मराठी शिकले, मराठीतून बोलले, लिहिले आणि १८२६ मध्ये नाशिकच्या परिसरात पटकीने गेले. सिंथिया फरार या अविवाहित अमेरिकन बाई १८२७ मध्ये मुंबईत आल्या. पुढे अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, त्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या आणि १८६२ मध्ये तिथेच त्यांचा अंत झाला. त्यांच्या शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिल्या होत्या. १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढताना तो अनुभव त्यांच्या मनात होता.

या मिशनऱ्यांच्या सगळ्याच गोष्टी आज पटतील असे नाही. इथल्या श्रद्धांविषयी त्यांनी पुष्कळ कठोर लिहिले. मात्र ज्यांच्यात काम करायचे त्यांची भाषा आधी शिकायची, हा त्यांचा नेम होता. पंधरा दिवसांच्या यात्रेत स्वाहिलीतले चार शब्द शिकणेही कठीण. भाषा नाही म्हटल्यावर समोरच्याची अडचण त्याच्याच तोंडून ऐकायची सोय राहत नाही. मग आपल्याला जे देता येते, तेच त्याला हवे आहे असे वाटू लागते.

तीस हजार आणि दोन हजार

दुसऱ्या महायुद्धानंतर विमानप्रवास आवाक्यात आला आणि १९६० च्या सुमारास अमेरिकेत तरुणांना थोड्या मुदतीसाठी परदेशी पाठवणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या. टीकाही लगेच सुरू झाली. १९६८ मध्ये मेक्सिकोत इव्हान इलिच या कॅथलिक धर्मगुरूंनी अशाच सेवेसाठी आलेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांना तोंडावर सुनावले. पाहायला या, शिकायला या, पण आम्हाला मदत करायला येऊ नका, असा त्यांच्या भाषणाचा रोख होता.

पुढे कोणीतरी हिशेबही मांडला. १९९८ मध्ये 'मिच' या चक्रीवादळाने होंडुरास देश उद्ध्वस्त केला. उत्तर अमेरिकेतून चर्चचे गट घरे बांधायला धावले. कर्ट व्हर बीक या समाजशास्त्रज्ञांनी नंतर पाहणी केली. गटाचा प्रवासखर्च धरला तर एका घरामागे सुमारे तीस हजार डॉलर पडत होते. स्थानिक ख्रिस्ती संस्था तसेच घर सुमारे दोन हजारांत उभे करत होत्या. घर मिळालेल्या कुटुंबांना ते परक्यांनी बांधले की आपल्या माणसांनी, याने फारसा फरक पडला नव्हता. पाहुण्यांच्या पुढच्या आयुष्यातही, त्यांना स्वतःला वाटत होते तितका बदल दिसला नाही.

म्हणजे जाऊच नये का? तसे नाही. जो माणूस कधी घराबाहेर पडला नाही, त्याला दूरचे दुःख आपले वाटत नाही. पण अशा यात्रेत पहिला लाभ जाणाऱ्याचा असतो, हे मोकळेपणाने कबूल करावे.

जामखेडची वाट

नगर जिल्ह्यातच एक वेगळे उदाहरण आहे. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० मध्ये जामखेडच्या दुष्काळी भागात आरोग्याचे काम सुरू केले. बाहेरून डॉक्टरांचे ताफे आणण्याऐवजी त्यांनी गावानेच निवडलेल्या बायकांना शिकवले. त्यांतल्या कितीजणींना अक्षरओळखही नव्हती. बाळंतपण कसे करावे, मुलाचे वजन का घ्यावे, जुलाब झालेल्या बाळाला साखर-मिठाचे पाणी कसे द्यावे, हे त्या शिकल्या आणि घरोघरी सांगू लागल्या. १९७९ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई १९९९ मध्ये गेल्या, रजनीकांत २०११ मध्ये. काम मात्र गावातल्या माणसांच्या हाती दिलेले होते. परदेशी डॉक्टर आणि विद्यार्थी जामखेडला येतात, ते शिकायला.

निघण्यापूर्वी

जाणाऱ्यांनी म्हणून काही गोष्टी आधी विचारून घ्याव्यात. बोलावणे तिथल्या लोकांचे आहे, की आपणच ठरवले? आपण करणार ते काम तिथल्या गवंड्याची, रंगाऱ्याची मजुरी तर हिरावत नाही? आपल्यामागे ते कोण चालवणार? परक्याच्या मुलांचे फोटो पालकांना न विचारता काढू नयेत. पंधरा दिवस लळा लावून निघून जाण्याने अनाथालयातल्या मुलांना पुन्हा एकदा कोणी सोडून गेल्याचे दुःख होते, हेही ध्यानात असू द्यावे.

कायद्याकडे कानाडोळा करून चालत नाही. पर्यटक म्हणून आलेल्या परदेशी माणसाला भारतात धर्मप्रचार करता येत नाही; त्यासाठी वेगळा व्हिसा लागतो. शेजारच्या नेपाळमध्ये जायला भारतीयांना व्हिसा लागत नाही, पण तिथे कोणाचे धर्मांतर करणे हा गुन्हा असून २०१८ पासून लागू असलेल्या कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. आपण परतू, आपल्याला घरात ठेवून घेणारे यजमान मात्र तिथेच राहतात.

मारतहळ्ळीच्या त्या मुलीला आईच्या प्रश्नाचे उत्तर अजूनही शोधता येईल. केनियातल्या शाळेच्या मुख्याध्यापकांना फोन करावा आणि भिंतींचे नाव न काढता एवढेच विचारावे, "तुम्हाला कशाची गरज आहे?" कदाचित ते एखाद्या शिक्षकाचा वर्षाचा पगार सांगतील. त्यात फोटो काढण्यासारखे काही नसेल. पण पुढच्या विमानाच्या तिकिटाचे पैसे तिकडे वळवता येतील.

आणि तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून नव्या इमारतीवरच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या दिसतात. तिथली मुले दिवसभर वाळूत खेळतात. ती कोणत्या गावची, शाळेत जातात की नाही, हे विचारायला तिला सुट्टीही काढावी लागणार नाही आणि व्हिसाही.