नाशकात समुद्र नाही, पण बायोगॅस आहे

समुद्री शेवाळाची शेती करून त्यातून बायोगॅस काढायचा, हे रील तुम्हीही पाहिलं असेल. शेवाळाला खत नको, गोडं पाणी नको; उलट ते पाण्यातलं जादा नत्र शोषून घेतं. पण दोर, बोटी, वाहतूक हा खर्च येतोच. शिवाय त्यात गंधक जास्त, म्हणून गॅसला सडक्या अंड्यांचा वास!

आता आपलं नाशिक. महापालिकेने जर्मनीच्या 'जीआयझेड'च्या मदतीने २०१७ मध्ये वेगळा प्रकल्प सुरू केला: हॉटेलांतलं उरलंसुरलं अन्न आणि सार्वजनिक शौचालयांतला मैला एकत्र कुजवून वीज. क्षमता रोज ३० टनांची. इथे काही पिकवावंच लागत नाही. हा माल उघड्यावर साचून कुजला, की मिथेन थेट हवेत जातो. आणि मिथेन म्हणजे, १०० वर्षांच्या हिशेबात, कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापदायक. टाकीत कोंडून जाळला, तर वीज मिळते.

पण गळती झाली, की कमावलेलं सगळं तिथेच जातं, मग माल शेवाळ असो की शिळी भाजी. गॅस काढून झाल्यावर उरलेली स्लरीही काही काळ मिथेन सोडत राहते. त्यामुळे कुठलाही प्लांट बघायला गेलात, तर वीज किती होते एवढंच विचारू नका. स्लरीच्या टाकीवर झाकण आहे का, तेही बघा.