भागाकाराच्या पुढचे गणित

विद्यार्थ्यांची समस्या सोडवण्याची क्षमता वाढवायची असेल, तर वेळापत्रकात तिच्यासाठी एक वेगळी तासिका घालून भागत नाही. रोजच्या तासाला वर्गात जे घडते तेच बदलावे लागते आणि त्या बदलाची सूत्रे मुख्याध्यापकाला हाती घ्यावी लागतात.

गणिती क्रिया येणे आणि प्रश्न सुटणे यांतील अंतर अमेरिकेतील तेरा वर्षांच्या मुलांच्या राष्ट्रीय चाचणीच्या १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालांत स्पष्ट झाले. एका बसमध्ये ३६ सैनिक बसतात, तर ११२८ सैनिकांना किती बस लागतील, असे ते उदाहरण होते. सुमारे ७० टक्के मुलांनी भागाकार अचूक केला, तरी ३२ हे योग्य उत्तर देणारे पाव हिस्साही भरले नाहीत. अनेकांनी ‘३१, बाकी १२’ असे लिहून वही मिटली आणि उरलेल्या बारा जणांनी जायचे कसे, हा प्रश्न त्यांना पडलाच नाही.

गणितज्ञ जॉर्ज पोल्या यांनी १९४५ मध्ये ‘हाऊ टू सॉल्व्ह इट’ या पुस्तकात चार पायऱ्या मांडल्या: प्रश्न समजून घेणे, योजना आखणे, ती अमलात आणणे आणि आलेले उत्तर पुन्हा तपासणे. या मुलांना तिसरी पायरी उत्तम जमली होती. पहिली आणि चौथी निसटली, कारण फळ्यावरची रीत उतरवून त्याच साच्याची उदाहरणे सोडवण्याच्या सरावात या दोहोंची गरजच भासत नाही.

ही सवय मोडण्यासाठी जपानमधील ‘जुग्यो केंक्यू’, म्हणजे पाठाचा सामूहिक अभ्यास, ही पद्धत उपयोगी पडते. तीत शिक्षक मिळून एक पाठ आखतात, एक जण तो वर्गात घेतो, इतर जण मुले कोठे अडतात याची नोंद ठेवतात आणि नंतरची चर्चा शिक्षकाच्या गुणदोषांवर न होता पाठावर होते. महाराष्ट्रात केंद्रस्तरावर भरणाऱ्या शिक्षण परिषदांमध्ये अशा पाठाला जागा देता येईल. शाळेत मात्र त्यासाठी तासिकांची अदलाबदल करणे आणि स्वतः मागच्या बाकावर बसून निरीक्षण करणे, ही कामे मुख्याध्यापकाचीच आहेत.

तरीही प्रश्नपत्रिका जुनीच राहिली, तर शिक्षक आणि पालक दोघेही पाठांतराकडे वळतात. म्हणून घटक चाचणीत उत्तराइतकेच गुण त्यामागील कारणालाही देणे, हे या बदलाचे पहिले प्रशासकीय पाऊल ठरते.