घरांतील पहिलें धनुष्य

सातारा जिल्ह्याचें नांव अलीकडे धनुर्विद्येनें दूरवर नेलें आहे. फलटण तालुक्यांतील सरडे गांवचा प्रवीण जाधव २०२१ सालीं टोकियोच्या ऑलिंपिकमध्यें खेळला. ऑगस्ट २०२३ मध्यें साताऱ्याच्या अदिती स्वामी हिनें बर्लिन येथें अंतिम सामना १४९-१४७ असा जिंकला आणि वयाच्या सतराव्या वर्षीं कंपाउंड धनुष्याचें जागतिक विजेतेपद मिळविलें. अशा वार्ता वाचून घरांतील मुलांनीं धनुष्य मागितलें, तर नवल नाहीं. वडीलधाऱ्यांपुढें प्रश्न उरतो तो एवढाच, कीं घ्यावें काय?

आमच्या सांगलीच्या घरीं हा प्रश्न आला तेव्हां मीं चूक केली. एकदांच घ्यावें पण भारी घ्यावें, या हिशेबानें पुतण्यासाठीं जड धनुष्य आणलें. दोरी ओढतांना त्याचा खांदा वर चढे, आणि सुटलेली दोरी कोपराखालीं असा फटका देई कीं हात काळानिळा पडे. दोन महिन्यांत, “काका, मला हें जमणार नाहीं,” असें म्हणून त्यानें धनुष्य माळ्यावर ठेवलें. दोष मुलाचा नव्हता, माझ्या खरेदीचा होता.

पुतणीची पाळी आली तेव्हां आम्ही आधीं शिक्षकांस विचारलें. त्यांनीं प्रथम तिचा कोणता डोळा प्रबळ आहे तें पाहिलें; कारण धनुष्य डाव्या हातांत धरावयाचें कीं उजव्या, हें त्यावरून ठरवितात. पहिले कांहीं महिने तिनें वर्गांतीलच धनुष्य वापरलें. मग सुटीं पातीं असलेलें रिकर्व्ह धनुष्य घेतलें. त्याचा ताण १६ पौंडांचा होता. शक्ति वाढली कीं नुसतीं पातीं बदलावयाचीं, मधली मूठ तीच राहते. बाण तिच्या ओढीपेक्षां थोडे लांबच घेतले. आंखूड बाण टेकूवरून मागें सरकून हातांत घुसण्याचें भय असतें.

परंतु सर्वांआधीं विकत घेतली ती हातपट्टी आणि बोटांवरील चामडें. आमच्या आईला हीं चैनीचीं वाटलीं. तेव्हां तिला सांगितलें, कीं विश्वामित्रांमागून निघालेल्या रामलक्ष्मणांच्या हातींही वाल्मीकींनीं गोधा आणि अंगुलित्राण घातलेलें आहे, हीं तींच! मग तिनेंच पैसे काढून दिले.

सराव मळ्यांत, मातीच्या उंच बांधासमोर होतो. सर्वांनीं बाण सोडून झाल्यावांचून कोणींही लक्ष्याकडे जावयाचें नाहीं, आणि बाण लावल्यावांचून ओढलेली दोरी सोडावयाची नाहीं, हे दोन नियम घरांत पक्के आहेत. रिकामी दोरी सुटली तर तिचा सारा जोर पात्यांवर येऊन तीं तडकतात.

परवां पुतण्यानें बहिणीचें हलकें धनुष्य मागून घेतलें. सहा बाणांपैकीं चार लक्ष्यांत बसले. माळ्यावरचें जड धनुष्य अजून तेथेंच आहे. तें त्याच्या खांद्यांची वाट पाहील.